आठशे मतदारांचे मन : ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांचे भाकीत



1958 सालच्या वसंतात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर दोन नव्या म्युझिकल्सची गाठ पडली. 'वेस्ट साइड स्टोरी' आदल्या सप्टेंबरात आले होते. संगीत लिओनार्ड बर्नस्टाइनचे, दिग्दर्शन आणि नृत्यरचना जेरोम रॉबिन्सची, आणि गीतकार होता सत्तावीस वर्षांचा स्टीफन सोंडहाइम. रस्त्यावरच्या पोरांच्या टोळ्यांचे वैर, त्यात सापडलेले प्रेम, आणि पहिला अंक संपताना रंगमंचावर दोन प्रेते. 'द म्युझिक मॅन' डिसेंबरात आले. आयोवातल्या एका लहान गावात एक भामटा बँडची वाद्ये विकायला येतो आणि गावाच्या प्रेमात पडून तिथलाच होतो, अशी त्याची कथा. सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार 'द म्युझिक मॅन'ला मिळाला.

तेव्हाच्या मतदारांना कलेतले काही कळत नव्हते, असे आज सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही. 'द म्युझिक मॅन' अतिशय कसबाने बांधलेले नाटक आहे. त्याचे 1,375 प्रयोग झाले, 'वेस्ट साइड स्टोरी'चे पहिल्या फेरीत 732. त्या वर्षी निकालाचे भाकीत करणाऱ्याने फक्त बर्नस्टाइनच्या स्वरलिपीचा अभ्यास केला असता तर तो फसला असता. ज्याने नाट्यव्यवसायातल्या माणसांशी चार गोष्टी केल्या असत्या, ती माणसे संध्याकाळी कोणत्या नाटकातून प्रसन्न होऊन बाहेर पडतात हे पाहिले असते, त्याचे भाकीत खरे ठरले असते. मला आज हेच मांडायचे आहे. पुरस्काराचे भाकीत हे नाटकाइतकेच, किंबहुना नाटकाहून अधिक, मत देणाऱ्यांविषयीचे भाकीत असते. आणि ते नीट केले तर एखाद्या रंगभूमीला त्या वर्षी कशाची भीती वाटत होती आणि कशाची आस होती, हे त्यातून कळते.

आधी थोडी माहिती सांगतो. अभिनेत्री, दिग्दर्शिका आणि निर्माती अँटोनेट पेरी यांच्या स्मरणार्थ अमेरिकन थिएटर विंग या संस्थेने 1947 साली हे पुरस्कार सुरू केले. त्यांच्या नावाचे लाडके रूप टोनी, तेच पुरस्काराला चिकटले. सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा पुरस्कार 1949 पासून दिला जातो आणि त्याचा पहिला मान 'किस मी, केट'कडे जातो. मॅनहॅटनमधली 41 नाट्यगृहे ब्रॉडवेची म्हणून गणली जातात. तिथे झालेली निर्मितीच स्पर्धेला पात्र ठरते. पाचशेहून कमी खुर्च्यांच्या नाट्यगृहात कितीही मोठे काम झाले तरी टोनी त्याची दखल घेत नाही. ते नाटक ब्रॉडवेवर येईपर्यंत थांबावे लागते.

हंगाम एप्रिलअखेर संपतो, नामांकने लागलीच जाहीर होतात आणि जूनमध्ये सोहळा होतो. आता एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नामांकने ठरवणारी समिती वेगळी आणि अंतिम मत देणारे वेगळे. समितीत मोजकी माणसे असतात आणि त्यांना हंगामातले सगळे पाहावे लागते. मतदार मात्र आठशेहून थोडे अधिक आहेत. निर्माते, नाट्यगृहांचे मालक, नट, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, पात्रनिवड करणारे, काही समीक्षक, आणि अमेरिकेतल्या गावोगावच्या मोठ्या नाट्यगृहांचे चालक. हे चालक ब्रॉडवेची नाटके दौऱ्यावर बोलावतात. पुढच्या दोन वर्षांत आपल्या गावी कोणते नाटक आणले तर खुर्च्या भरतील, हा विचार त्यांच्या मनात असतो आणि तो असण्यात गैर काही नाही. मतमोजणी साधी आहे. ज्याला सर्वाधिक मते, तो विजेता. पाच नाटकांत मते फुटली तर निम्म्याहून पुष्कळ कमी मतांवरही विजय मिळू शकतो.

मराठी प्रेक्षकाला म्युझिकल म्हटले की संगीत नाटक आठवते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पद आणि गद्य यांचा संसार आपण पाहत आलो आहोत. पण आपल्याकडे पद रंगत जाते, गायक त्याला फुलवतो, वन्समोअर मिळतो. ब्रॉडवेवर गाण्याची लांबी, त्याची जागा, त्यातली प्रत्येक हालचाल आधीच बांधलेली असते, आणि गाणे संपताना कथा पुढे सरकलेली असावी लागते. म्हणून तिथे संहितेला आणि गीत-संगीताला दोन स्वतंत्र टोनी आहेत. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिले, हे आपण सगळे जाणतो. त्याच 'पिग्मॅलियन'वरून झालेले 'माय फेअर लेडी' 1957 चे टोनी विजेते म्युझिकल आहे.

पैशाविषयीही बोलायला हवे. आज ब्रॉडवेवर नवे म्युझिकल उभे करायचे तर दीड-दोन कोटी डॉलर सहज लागतात. आठवड्याला आठ प्रयोग करूनही गुंतवणूक परत मिळवणारी निर्मिती साधारण पाचांत एक, असे त्या व्यवसायात धरूनच चालतात. टोनीच्या इतर बहुतेक विभागांतल्या विजयाने तिकीटबारीवर फार फरक पडत नाही. सर्वोत्कृष्ट म्युझिकलने पडतो, आणि मोठा पडतो. 2015 चे विजेते 'फन होम' हे एका मुलीच्या, तिच्या वडिलांच्या आत्महत्येच्या आणि दोघांच्या समलिंगी ओळखीच्या आठवणींचे नाटक. अशा विषयाला व्यापारी यश मिळेल, असे कुणी छातीठोकपणे सांगितले नसते. पुरस्कारानंतर त्याच वर्षअखेर त्याची गुंतवणूक वसूल झाली. ज्या मतावर दोनशे माणसांची नोकरी टिकणार किंवा जाणार असते, ते मत कोरडेपणाने दिले जात नाही. भाकीत करणाऱ्याने हे कधीही विसरू नये.

आता भाकितासाठी लोक ज्या खुणा पाहतात त्यांच्याकडे वळू. पहिली खूण नामांकनांच्या संख्येची. ज्याला सर्वाधिक नामांकने त्याचे पारडे जड, असे धरतात. 2016 मध्ये 'हॅमिल्टन'ला 16 नामांकने मिळाली, तो विक्रम होता, आणि 11 पुरस्कारांसह ते जिंकले. 2019 मध्ये 'हेडीसटाउन'चेही तसेच. पण 2017 मध्ये 12 नामांकने घेऊन सर्वांत पुढे असलेले 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ 1812' हरले. 2023 मध्ये 'सम लाइक इट हॉट'ची 13 नामांकने कामी आली नाहीत. 2024 मध्ये 'हेल्स किचन'च्या तेरांची तीच गत झाली. कारण उघड आहे. भव्य निर्मितीत वेशभूषा, प्रकाशयोजना, नृत्य, ध्वनी अशा प्रत्येक अंगाला दाद देण्यासारखे काहीतरी असते, म्हणून समिती भरभरून नामांकने देते. मतदाराला मात्र शेवटच्या रकान्यात एकच खूण करायची असते आणि तिथे तो स्वतःला वेगळाच प्रश्न विचारतो.

दुसरी खूण आधी जाहीर होणाऱ्या पुरस्कारांची. न्यूयॉर्कचे ड्रामा डेस्क पुरस्कार ब्रॉडवेबाहेरच्या नाटकांनाही दिले जातात. त्यामुळे जे नाटक आधी लहान नाट्यगृहात होऊन मग ब्रॉडवेवर येते, त्याचा ड्रामा डेस्क बहुधा आदल्या वर्षीच होऊन गेलेला असतो. 'हॅमिल्टन'ला तो 2015 मध्ये मिळाला, 'किंबर्ली अकिम्बो'ला 2022 मध्ये. दोघांचे टोनी पुढच्या वर्षीचे. ज्या वर्षी 'हॅमिल्टन' टोनी जिंकले, त्या वर्षीचा ड्रामा डेस्क 'शफल अलाँग'कडे होता. पात्रतेच्या तारखा न पाहता दोन पुरस्कारांची तुलना करणारा हमखास गोंधळतो.

तिसरी समजूत अशी की एप्रिलमध्ये, मुदतीच्या तोंडावर पडदा उघडणारे नाटक मतदारांच्या आठवणीत ताजे असते म्हणून जिंकते. निर्मात्यांचाही यावर विश्वास आहे, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये नाटकांची नुसती झुंबड उडते. पण विजेत्यांच्या तारखा पाहा. 'हॅमिल्टन' ऑगस्टमधले, 'द बँड्स व्हिजिट', 'किंबर्ली अकिम्बो' आणि 'मेबी हॅपी एंडिंग' तिन्ही नोव्हेंबरमधली, 'डिअर एव्हन हॅन्सन' डिसेंबरातले. शरद ऋतूत आलेले लहान नाटक हिवाळाभर तग धरते, एकाने दुसऱ्याला सांगत त्याचा प्रेक्षक वाढतो, आणि मतदानाच्या वेळेपर्यंत ते व्यवसायातल्या लोकांचे आपले नाटक होऊन बसते. माझ्या मते ही खूण एप्रिलच्या ताजेपणाहून अधिक भरवशाची आहे.

संहिता आणि संगीत हे दोन्ही पुरस्कार ज्याला, त्यालाच शेवटचा मान, असेही मानतात. त्याला अपवाद इतके आहेत की नियम म्हणवत नाही. 1988 मध्ये 'इन्टू द वूड्स'ने हे दोन्ही घेतले आणि मुख्य पुरस्कार 'द फँटम ऑफ द ऑपेरा'ने नेला. 1998 मध्ये 'रॅगटाइम'च्या वाट्याला हेच आले आणि 'द लायन किंग' जिंकले. 2006 मध्ये 'द ड्राउझी शॅपरोन', 2024 मध्ये 'सफ्स'. या चारांपैकी 'रॅगटाइम'चे मला सर्वाधिक वाईट वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभीची अमेरिका, तिथले कृष्णवर्णीय, ज्यू स्थलांतरित आणि सुखवस्तू गोरे हे सगळे एका सुरावटीत गुंफण्याची ताकद त्या संगीतात आहे. पण जुली टेमोरने 'द लायन किंग'मध्ये मुखवटे, बाहुल्या आणि माणसाचे शरीर यांतून जे उभे केले, ते पाहून रंगभूमीवरच्या माणसांना आपल्याच कलेचा अभिमान वाटला. त्या मतामागचे मन मला समजते.

आता ज्या एका वर्षाशी थांबून विचार करावा असे मला वाटते, त्या 2004 कडे येतो. नामांकित नाटके चार. 'विकेड' ऑक्टोबर 2003 मध्ये ब्रॉडवेच्या सर्वांत मोठ्या नाट्यगृहात, गर्श्विनमध्ये आले. खर्च सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलर. समीक्षकांची मते संमिश्र होती, पण प्रेक्षक, विशेषतः तरुण मुली, पहिल्यापासून लोटत होते. 'अ‍ॅव्हेन्यू क्यू' व्हिनयार्ड या लहान नाट्यसंस्थेतून आलेले. खर्च 'विकेड'च्या एक चतुर्थांश. नट हातात बाहुल्या घेऊन रंगमंचावर उघड वावरतात आणि कॉलेज संपलेल्या, खिसा रिकामा असलेल्या मुलांच्या आयुष्याविषयी गातात. तिसरे 'कॅरोलाइन, ऑर चेंज', टोनी कुशनरची संहिता आणि जनीन टेसोरीचे संगीत. चौथे 'द बॉय फ्रॉम ऑझ', ज्यात ह्यू जॅकमन होता. त्याच हंगामात मुंबईत घडणारे, ए. आर. रहमानच्या संगीताचे 'बॉम्बे ड्रीम्स'ही लंडनहून ब्रॉडवेवर आले होते. त्याला नृत्यरचना, वेशभूषा आणि वाद्यवृंदरचना या विभागांत नामांकने मिळाली, पण सर्वोत्कृष्ट म्युझिकलच्या यादीत ते नव्हते. लंडनमधले यश न्यूयॉर्कच्या मतदारावर आपोआप छाप पाडत नाही, हे तेव्हाही दिसले.

सगळ्यांचा कौल 'विकेड'कडे होता. 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'च्या निर्मात्यांनी तेव्हा जे केले, ते त्याआधी क्वचितच कुणी केले असेल. अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. त्यांनी आपल्या नाटकाचा निवडणुकीसारखा प्रचार मांडला आणि मतदारांना मनापासून वाटेल त्याला मत द्या, असे आवाहन केले. त्या आवाहनात एक अबोल सूचना होती. 'विकेड'ला तुमच्या मताची गरज नाही, आम्हाला आहे. सोहळ्याच्या रात्री आधी संहिता, मग संगीत, आणि अखेर सर्वोत्कृष्ट म्युझिकल, तिन्ही 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'ला. 'विकेड'ला अभिनेत्री इडिना मेन्झेल, नेपथ्य आणि वेशभूषा यांवर समाधान मानावे लागले. त्याच 'विकेड'चा दिग्दर्शक जो मँटेलो त्या रात्री दिग्दर्शनाचा पुरस्कार जिंकला, पण तो सोंडहाइमच्या 'असॅसिन्स'च्या पुनर्निर्मितीसाठी. म्हणजे मतदार माणसावर नाराज नव्हते.

पुढचे घडलेलेही सांगितले पाहिजे. विजयानंतर 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'ने देशभर दौरा करण्याऐवजी लास व्हेगासच्या एका हॉटेलाशी करार केला. दौऱ्याची आशा धरून बसलेल्या गावोगावच्या नाट्यगृहचालकांना तो विश्वासघात वाटला. लास व्हेगासचा प्रयोग वर्षभरही टिकला नाही आणि मग दौरा निघालाच. 'विकेड' आजही चालू आहे. तरीही 2004 चा कौल मला चुकीचा वाटत नाही. 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'ची संहिता 'विकेड'हून घट्ट आहे आणि तिच्यातला विनोद माणसांच्या दुःखाला धरून आहे. माझे स्वतःचे मत मात्र 'कॅरोलाइन'ला गेले असते.

2004 नंतरच्या विजेत्यांकडे पाहिले की एक कल स्पष्ट होतो. 'वन्स', 'फन होम', 'द बँड्स व्हिजिट', 'अ स्ट्रेंज लूप', 'किंबर्ली अकिम्बो', 'मेबी हॅपी एंडिंग'. यातल्या बहुतेकांच्या समोर अधिक पैसा, अधिक ओळखीचे नाव, अधिक झगमगाट असलेले नाटक उभे होते. जुन्या काळी, मते दुभंगली की ती बहुधा रंजनाकडे झुकत. 1972 मध्ये सोंडहाइमच्या 'फॉलीज'ने सात पुरस्कार मिळवले, पण मुख्य पुरस्कार 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'ला. 1984 मध्ये 'ला काज ओ फोल' जिंकले आणि 'संडे इन द पार्क विथ जॉर्ज' हरले, ज्याला पुढल्या वर्षी पुलित्झर मिळाले. मग मतदार बदलले कशाने? 1990 च्या दशकात चित्रपट कंपन्यांचा पैसा ब्रॉडवेवर आला आणि गाजलेल्या चित्रपटांची म्युझिकल्स ओळीने येऊ लागली. नवी कथा, नवे संगीत घेऊन येणारे नाटक दुर्मीळ झाले. मतदार याच व्यवसायातले. मोठ्या नावाच्या नाटकाला प्रेक्षक मिळणारच आहे, आपल्या कलेचे पुढे काय, या काळजीने ते लहान नाटकाकडे वळतात, असे माझे निदान आहे.

या निदानाला छेद देणारी वर्षेही आहेत आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2009 मध्ये 'नेक्स्ट टू नॉर्मल'सारखे धाडसी नाटक समोर असताना 'बिली एलियट' जिंकले. 2013 मध्ये लंडनहून आलेल्या 'मटिल्डा'ला हरवणारे 'किंकी बूट्स' मोठे आणि रंजकच होते. तिथे घरचे आणि बाहेरचे हा भेद काम करून गेला असावा. आणि 'द प्रोड्यूसर्स' किंवा 'हॅमिल्टन'सारखे नाटक येते तेव्हा कोणतेच निदान लागत नाही. सगळे एका बाजूला जातात.

अशा एकमताच्या वर्षी जे नाटक शेजारी उभे असते, त्याचे हाल मोठे असतात. 1976 मध्ये 'अ कोरस लाइन'ने नऊ पुरस्कार नेले. त्याच यादीत बॉब फॉसीचे 'शिकागो' 11 नामांकने घेऊन होते. त्याला एकही मिळाला नाही. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, अगदी मोजक्या नेपथ्यात त्याची पुनर्निर्मिती झाली, 1997 मध्ये तिला सहा टोनी मिळाले, आणि ती ब्रॉडवेवर सर्वाधिक काळ चाललेले अमेरिकन म्युझिकल ठरली. उलट 1994 चे विजेते 'पॅशन' 280 प्रयोगांत आटोपले, आणि त्याने ज्याला हरवले ते 'ब्यूटी अँड द बीस्ट' तेरा वर्षे चालले. 'पॅशन' हरायला हवे होते, असा मात्र याचा अर्थ मी लावत नाही. पुरस्कार नसता तर ते 280 प्रयोगही झाले नसते, आणि ते संगीत आपल्यापर्यंत पोहोचले नसते.

आता 2025 चा निकाल पाहू. 'मेबी हॅपी एंडिंग', 'डेथ बिकम्स हर' आणि 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' या तिघांना प्रत्येकी दहा नामांकने, म्हणजे संख्येने काहीच सांगितले नाही. 'मेबी हॅपी एंडिंग' मूळचे कोरियन, 2016 मध्ये सोलला झालेले. मालकांनी टाकून दिलेले दोन मदतनीस यंत्रमानव, त्यांचे एकटेपण आणि प्रेम. रंगमंचावर जेमतेम चार नट. सुरुवातीला तिकिटे खपत नव्हती. नोव्हेंबरमध्ये पडदा उघडला, तोंडी प्रसिद्धीने हिवाळा निभावला, आणि जूनमध्ये सहा पुरस्कार मिळाले. मघाशी सांगितलेल्या खुणांपैकी नोव्हेंबरची इथे खरी ठरली, आणि लहान नाटकाला मताची गरज अधिक असते, हा 2004 चा धडाही.

आपल्यापैकी फार थोड्यांना न्यूयॉर्कला जाऊन हे पाहता येते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 2023 साली 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि 'वेस्ट साइड स्टोरी' आले, तेव्हा 1960 च्या विजेत्यांपैकी एक आणि 1958 चे हरलेले, दोन्ही मुंबईकरांनी काही महिन्यांच्या अंतराने पाहिली. पण असे योग कमी. बाकी वेळी आपल्या हाती ध्वनिमुद्रिका असतात, आणि त्या पुरेशा आहेत. माझी विनंती एवढीच आहे. मे महिन्यात नामांकने जाहीर झाली की सगळ्या नामांकित नाटकांची गाणी ऐका आणि निकालाआधी दोन नावे कागदावर लिहून ठेवा : कोण जिंकेल असे वाटते आणि कोण जिंकावे असे वाटते. ती नावे वेगळी असतील तर का वेगळी आहेत, हे दोन ओळींत लिहा. निकालानंतर विजेत्याची ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकालच, पण हरलेल्यांनाही तेवढाच वेळ द्या. जुन्यांपासून आरंभ करायचा असेल तर 'फॉलीज' आणि 'रॅगटाइम' आधी ऐका.